भांड्यांवरची नावं

कोल्हापूरच्या पेठांमधून १९५० ते १९६५ च्या दरम्यान जन्मलेल्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरातली जेवायची भांडी बदलली. आमचं उष्टावण झालं ते पितळेच्या ताटापुढं बसून, आणि मॅट्रिक होईस्तोवर त्यातलं निम्मं पितळ मोडीत गेलेलं होतं. आमच्या आजीनं लग्नात जे ताट आणलं, तशाच ताटात तिची आजीही जेवली असणार. आमच्या मुलांना मात्र ‘पितळी’ म्हणजे काय ते हातात देऊन दाखवावं लागतं.

शुक्रवार, शनिवार, मंगळवार, शिवाजी पेठ, कुठलंही जुनं घर आठवा. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परडं. माजघराच्या भिंतीत फडताळ. त्याच्या तळाच्या कप्प्यात जड सामान, म्हणजे परात, भगुली, तपेली, एकात एक बसवलेली. मधल्या कप्प्यात ताटं आणि पितळ्या भिंतीला टेकवून उभ्या. त्यावर काशाच्या वाट्या, फुलपात्रं, पळ्या, ओगराळं. आणि अगदी वर, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी, चिनी मातीच्या सोनेरी काठाच्या कपबशा. त्या खाली यायच्या त्या मुलगी बघायला पाहुणे आले की, नाहीतर मुंबईचे मामा आले की. बाजूला घडवंचीवर पाण्याची तांब्याची घागर आणि तिच्यावर झाकणाला पालथं घातलेलं फुलपात्र. न्हाणीत बंब आणि घंगाळ. बंबाच्या पोटातल्या निखाऱ्यांची खरखर ऐकू आली की दिवस उजाडला असं आम्ही समजायचो.

जेवणाचं ताट आणि पितळी ही दोन वेगळी भांडी. ताट पसरट, बुटक्या काठाचं. सणाच्या दिवशी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाताची मूद अशी रीतसर वाढणी करायला ते बरं. रोजच्या जेवणाला मात्र पितळी. ती खोल असते आणि तिचे काठ उभे असतात. आमच्या जेवणाची रीतच तशी होती. भाकरी कुस्करायची, वर आमटी नाहीतर रस्सा ओतायचा, आणि पातळ काल्याचा घास पाची बोटांनी उचलायचा. असं जेवण पसरट ताटात होतच नाही. आजोबांची पितळी ठरलेली होती. तिच्या काठावर एका जागी किंचित पोचा होता आणि वाढणारीनं तो पोचा त्यांच्या उजव्या हाताला येईल अशी पितळी ठेवायची, हे घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. आजोबा गेल्यावर वर्षभर त्या पितळीत कुणी जेवलं नाही. मग एके दिवशी आजीनंच ती थोरल्या नातवापुढं ठेवली आणि म्हणाली, “बस आता हिच्यात. रिकामी ठिवून काय करायचं?”

आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, यात्रेला या पितळ्यांची खरी कसोटी लागायची. नदीचं नवं पाणी घेऊन पेठापेठांतून बायका-पोरी टेंबलाईच्या टेकडीकडं निघायच्या, पुढं ‘पी ढबाक’ वाद्याचा दणका. तिकडून घरी आलं की मटणाचा बेत. कल्हईच्या मोठ्या भगुल्यात तांबडा रस्सा, दुसऱ्यात नारळाच्या दुधाचा, तीळ-खसखशीचा पांढरा. तांबडा पितळीत, सुकं बाजूला, पांढरा काशाच्या वाटीत. काशाची वाटी जाड असते, त्यामुळं रस्सा शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतो. बायका मागनं जेवायच्या, आणि तोवर तवंग बहुधा सरलेला असायचा. तेव्हा आम्हा पोरांच्या ते ध्यानात येत नव्हतं. आता त्याच पितळ्या मांडताना दर वेळी येतं.

हे जेवण अंगी लागायचं ते कल्हईच्या जिवावर. पितळ आणि तांबं आंबटाशी जुळवून घेत नाहीत. चिंच, ताक, टोमॅटो, कोकम यातलं काहीही उघड्या पितळेत थोडा वेळ राहिलं की कळकतं. हिरवट रंग धरतं आणि तोंडाला तांब्याची चव येते. पोटात गेलं तर उलट्या. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. दिवाळीआधी आणि लग्नसराईच्या तोंडाला कल्हईवाला गल्लीत यायचा. रिकाम्या जागेत हातभर खड्डा खणायचा, त्यात भात्याची नळी बसवायची, कोळसे पेटवायचे. घराघरातनं भांड्यांच्या उतरंडी यायच्या आणि कुणाचं कुठलं यावरनं एखादं तरी भांडण व्हायचं. त्याच्याबरोबरचा पोरगा परातीत वाळू टाकून तिच्यात उभा राहायचा आणि भिंतीला हात टेकून कंबर डावी-उजवी फिरवत तळव्यांनी परात घासून काढायचा. मग भांडं सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवायचं. तापलं की नवसागराची पूड भुरभुरायची. भप्पकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात असा झोंबायचा की डोळ्यांत पाणी. त्या धुरातच कथलाची कांडी तापल्या पितळेला टेकवायची. टिपूस वितळला की कापसाचा बोळा घेऊन गरागरा हात फिरवायचा, आणि आमच्या डोळ्यांदेखत पिवळं भांडं आतून पांढरंशुभ्र व्हायचं. लगेच पाण्यात बुडवायचं. चर्र असा आवाज, वाफ, आणि ते ओलं भांडं ज्याचं त्याच्या हातात.

कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून साध्या कोळशाच्या शेगडीवर हे काम होतं. आणि त्याच कारणानं कल्हईचं रिकामं भगुलं चुलीवर ठेवून कुणी विसरलं की कल्हई पाघळून बुडाशी गोळा व्हायची. “आधी पाणी, मग जाळ,” हा आमच्या घरातल्या सगळ्या सुनांना पहिल्या आठवड्यात मिळालेला धडा.

काशाला हे काही लागत नाही. साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असं ते मिश्रण. कडक, जड, आणि ठिसूळ. गार असताना त्यावर घण मारला तर तडकतं, म्हणून कारागीर ते लाल तापवून ठोकतो. हातातनं दगडी फरशीवर पडलं तर काशाची वाटी फुटू शकते, हे आज कुणाला सांगून पटत नाही. आमच्याकडं एका वाटीला अशी बारीक चीर आहे, टिचकी मारली की ती बद्द वाजते. बाकीच्या वाट्या घणघणत राहतात. याच वाट्यांनी उन्हाळ्यात आजी आमचे तळपाय घासायची. पायाला तूप, वाटीच्या बुडानं गोल गोल घासायचं, आणि तळवे काळे झाले की “बघ, किती उष्णता हुती अंगात” म्हणायची. तो काळा रंग तूप आणि धातू घासल्यानं येतो हे पुढं कळलं. पण ती झोप खरी होती. ताप उतरल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, सासरहून लेक दमून आली की तिच्या पायाला, हीच वाटी निघायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती म्हणजे भांड्यांवरची नावं.

भांडं घेतलं की दुकानातनं बाहेर पडण्याआधी त्यावर नाव घालून घ्यायचं, ही आपल्याकडची पक्की रीत. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसलेला असायचा. मांडीवर पोत्याचा तुकडा, त्यावर पालथं ताट, डाव्या हातात बोटाएवढी छिन्नी आणि उजव्या हातात छोटी हातोडी. तो आधी काही आखून घेत नसे. टक टक टक करत छिन्नी सरकायची आणि टिंबाला टिंब लागत अक्षर उमटायचं. शिरोरेघ शेवटी, एका दमात. पैसे अक्षरांवर, त्यामुळं साध्या भांड्यावर नुसती आद्याक्षरं. मोठ्या भांड्यावर मात्र पूर्ण मजकूर. कुणी, कुणाला, कशाबद्दल, आणि खाली साल.

किती निमित्तं होती! लग्नाच्या भांड्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि पुढं नाव, ‘हिस मामाकडून’. मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं ते ज्या ताटातनं, त्या ताटावर जावयाचं नाव. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेल्या वाट्या, त्यांवर नुसतं लुटणारीचं नाव. कुणी गेलं तर वर्षश्राद्धाला ‘कै.’ घालून ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी तांब्या-भांडी वाटायची. शेजारच्या घरातलं लग्न असलं की सगळ्या गल्लीची पातेली एका मांडवात जमायची आणि पंगती उठल्यावर बायका बुडं उलटी करून नावं वाचून आपापलं घर गाठायच्या. नाव घालायचं मूळ कारण बहुधा हेच. पण त्यातनं घडलं ते फार मोठं.

आमच्या घराण्याची एक वंशावळ आहे. जुन्या वहीत लिहिलेली, नऊ पिढ्यांची. तिच्यात एकही बाई नाही. अमक्याचा मुलगा तमका, त्याला तीन मुलगे, त्यातला मधला निपुत्रिक, इतकं सगळं आहे. पण ही पोरं जिच्या पोटी आली तिचं नाव नाही. जुन्या सातबाऱ्यावर नाही. सोप्यातल्या तसबिरींखालीसुद्धा ‘सहकुटुंब’. मग आमच्या पणजीचं नाव आम्हाला कसं कळलं? परातीवरनं. पणजीच्या लग्नात तिच्या मामानं दिलेली परात. तिच्या काठावर तिचं माहेरचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, गाव आहे. गाव कागल तालुक्यातलं. तोपर्यंत घरात सगळे समजत होते की ती कर्नाटकातली.

लग्नात एक विधी असतो. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माहेरचं नाव तिथं संपायचं. आणि कितीदा तरी ते ताट तिच्याच माहेरनं आलेलं असायचं! वर तांदळात नवं नाव, आणि त्याच ताटाच्या बुडाला छिन्नीनं कोरलेलं जुनं. तांदूळ गोळा करून डब्यात गेले. कोरलेलं राहिलं. आमच्या आज्या, पणज्या, चुलत्या, आत्त्या कोण होत्या, कुठनं आल्या, त्यांच्यावर माया करणारं कोण होतं, याचा लेखी पुरावा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत भांड्यांवर आहे आणि दुसऱ्या कशावरच नाही. हे मी पूर्ण विचार करून म्हणतो.

आणि म्हणूनच मोडीचा विचार मनातनं जात नाही. साठच्या दशकात स्टील आलं आणि सत्तरच्या दशकात प्रत्येक घरात पोचलं. त्याआधी ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली होती, पण ती चुलीवर, ताटात नाही. स्टीलनं मात्र थेट ताटाची जागा घेतली. महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानांत समोर मोठा तराजू लागलेला असायचा. एका पारड्यात पितळ, आणि त्या किमतीचं स्टील दुसऱ्या हातात. आमच्या आईनं, काकूंनी पितळ मोडीत घातलं म्हणून त्यांना नावं ठेवणारे आज पुष्कळ आहेत. त्यांनी नवरात्राआधीचा तो आठवडा पाहिलेला नाही. घरातली सगळी अंथरुणं पंचगंगेवर धुवायची, आणि सगळी भांडी, वापरातली नि बिनवापराची, परड्यात काढून चिंच, राख आणि विटेच्या पुडीनं घासायची. काकूंच्या बोटांच्या पेरांना चिरा पडून त्यांत चिंचेचं पाणी जायचं. तरी संध्याकाळी भाकरी थापायच्याच. स्टील आलं आणि ते सुटलं. ते सुटायलाच हवं होतं. ज्या घरात घासणारे हात फक्त बायकांचे होते, त्या घरात पितळ जपा म्हणायचा हक्क पुरुषांना नव्हता.

दुःख एवढंच की वजन करताना नावं कुणी वाचली नाहीत. आजी तेवढी दारात उभी राहून एकेक भांडं उलटं करून बघायची. काही परत आत न्यायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीचा जीव अडकलाय पितळेत. तिनं मागं ठेवलेल्या भांड्यांची यादी आज केली तर त्यांत चांगली, जाड, वजनदार अशी फार नाहीत. पण नाव नाही असं एकही नाही.

हे सगळं आठवताना एक कपबशी वगळून पुढं जाता येणार नाही. बऱ्याच घरांच्या सोप्यावर, दाराबाहेरच्या दिवळीत, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. तो कुणासाठी हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. ज्याला त्यातनं चहा मिळायचा तोच तो विसळून परत तिथं ठेवायचा. पाणी वरनं ओंजळीत. हे कोल्हापुरात, जिथं शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने इथं शिवाशीव पाळायची नाही असा हुकूम काढला होता. जिथं अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. छत्रपतींनी एका कपानं जे करून दाखवलं ते आमच्या घरांच्या उंबऱ्याशी पोचायला पुढची कैक वर्षं लागली. जुन्या भांड्यांच्या कुठल्याही हौशी संग्रहात दिवळीतला तो कप मी पाहिलेला नाही. तो असायला हवा. आजीच्या चांदीच्या अत्तरदाणीशेजारी, त्याच काचेमागं.

तसं पाहिलं तर या गावाला जुन्या भांड्यांची ओळख नवी नाही. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची ती प्रसिद्ध छोटी मूर्ती होती, आणि तिच्याबरोबर रोमन घडणीची मद्याची सुरईही होती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, इटलीत घडलेलं भांडं समुद्र ओलांडून, घाट चढून इथल्या कुणाच्या तरी घरी आलं आणि त्यानं ते स्थानिक भांड्यांबरोबर ठेवलं. पुढं डॉ. हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. त्या वस्तूंपासूनच कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं, आज ते टाउन हॉलमध्ये आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तिथनं धावत गेलो होतो. आता जातो तेव्हा त्या वस्तूंपाशी बराच वेळ उभा राहतो, आणि मनात येतं की परदेशची वस्तू हौसेनं आणून जेवणात मिरवणारा तो पहिला कोल्हापूरकर कोण असेल!

घरगुती वस्तूंना संग्रहालयात मानाची जागा मिळवून दिली ती पुण्यात दिनकर केळकर यांनी. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, झाऱ्या, भांडी गोळा करत राहिला, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं, आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यानं संग्रहाला दिलं. अहमदाबादला विशाला इथं सुरेंद्र पटेल यांनी नुसत्या भांड्यांचंच संग्रहालय केलं. दोन्ही ठिकाणी गेलं की भान हरपतं. तरीही तिथली शेकडो भांडी बघताना माझा हात शिवशिवतो. ताट हे जेवायसाठी असतं. त्यात ऊन भाताची वाफ धरल्याशिवाय, काठाला बोटं लागल्याशिवाय त्याचं वजन, त्याची खोली, त्याचा आवाज काही कळत नाही.

म्हणून आमच्या भावकीत आता एक रीत पडली आहे. महिन्यातनं एखाद्या रविवारी आणि सणावारी जुन्या भांड्यांत जेवायचं. वहिनींनी अट घातली ती अशी की घासायला पुरुषांनीही बसायचं. बसतो. पितांबरी आणि लिंबाची साल घेऊन परड्यात दोन भाऊ, एक जावई, एक भाचा. या निमित्तानं काही गोष्टी शिकलो, त्या सांगतो, कारण मला पुष्कळ लोक विचारतात.

जुनं पितळ बाजारातनं घेतलं तर आधी आतनं बघायचं. पिवळं दिसत असेल तर ते शोभेचं, कल्हई होईपर्यंत त्यात जेवायचं नाही. सांध्याला करडा, मऊ डाक दिलेला असेल, नखानं ओरखडा उठत असेल, तर त्यात शिसं असू शकतं. असलं भांडं फुलं ठेवायला घ्या. कल्हईचं भांडं तारेच्या घासणीनं घासायचं नाही, आतून नुसतं राखेनं नाहीतर मऊ फडक्यानं. आमटी, ताक, लोणचं स्टीलच्या वाटीत द्यावं. पितळीत वरण-भात, भाकरी-पिठलं, दूधभात. दूधभातासारखी गोडी तर पितळीतच. तांब्याच्या तांब्यात पाणी रात्रभर ठेवलं तर चालतं, सरबत अजिबात नाही. तडा गेलेल्या जुन्या कपबशीत चहा घेऊ नये, तड्यात मळ बसतो आणि जुन्या झिलईचा भरवसा नसतो. खरेदी करताना चकाकीला भुलायचं नाही. उन्हात तिरकं धरून बघायचं. हातानं मठारलेलं असेल तर हातोडीचे ठसे ओळीनं चमकतात, आणि त्या ठोकण्यानं पत्रा घट्ट झालेला असतो. साच्याच्या पत्र्यावर ते दिसत नाहीत. आणि पालथं करून बूड वाचायचं. दुसऱ्या घराची नावं असलेली ताटंही मी घेतली आहेत. ती नावं मी कधी घासून काढू दिली नाहीत.

खरी अडचण कल्हईची. गल्लीत हाक येत नाही आता. चौकशी करून कारागीर शोधावा लागतो आणि दहा घरांची भांडी एकदम जमवली तरच त्याला परवडतं. आम्ही जमवतो. मागच्या खेपेला अपार्टमेंटमधल्या तरुण पोरी आपापल्या आज्यांची भगुली घेऊन आल्या होत्या. नवसागराचा धूर उठल्यावर सगळ्यांनी मोबाईल काढले, ते साहजिकच आहे. पण त्यांतल्या एकीनं भांडं हातात आल्यावर पहिल्यांदा बूड बघितलं.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा नदीकडच्या आमच्या चुलत्यांच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही गेलो. फ्रीज, कपाट, गाद्या, मुलांची पुस्तकं, अल्बम, सगळं गेलेलं. भिंतीला चिखलाची रेघ. काकू नव्वदीच्या, खुर्चीवर बसून बघत होत्या. पोरांनी गाळातनं एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली, तर फडताळाच्या तळाला भांडी होती तशीच, एकात एक. पाइपनं धुतली आणि अंगणात मांडली. लग्नाचा अल्बम लगदा झाला होता. काकूंनी एक तांब्या मागून घेतला, चष्मा नव्हता म्हणून बोटानं अक्षरं चाचपली आणि म्हणाल्या, “ह्यो माझ्या आईचा.” त्या दिवशीचं जेवण कुठल्याशा मंडळानं पाठवलं होतं, भात आणि आमटी. ते आम्ही त्याच ताटांत घेतलं.

गेल्या वर्षी पुतण्याचं लग्न झालं. रुखवतात काय ठेवायचं यावर चर्चा झाली आणि सूनबाईच्या माहेरच्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही सांगितलं, एक परात द्या आणि दोन काशाच्या वाट्या, बाकी काही नको. परात जाड मिळाली. आता नावं विजेच्या यंत्रानं घालतात, अक्षरं सरळ आणि एकसारखी येतात. पण शोधून एक छिन्नीवाले गृहस्थ मिळाले, वयस्कर. मजकूर मोठा होता. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि विचारलं, “पोरीचं माहेरचंच नाव घालायचं? आणि आईचंबी?” मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “होय आजोबा, आईचं आधी घाला.” त्यांनी परात पालथी मांडीवर घेतली आणि छिन्नी टेकवली.